चहासोबतची गोळी

"मले सांगा साहेब, हे पोरगी गोया फेकते का नाही?" रामीबाईने सुनेला कमलाकरच्या टेबलासमोर जवळजवळ ढकललंच.

मुकुटबनकडच्या तांड्यावरून दोघी आल्या होत्या. सून उर्वशीला सातवा महिना लागलेला. कमलाकर त्या लहानशा सरकारी दवाखान्यात सव्वीस वर्षं रक्त तपासायला लोकांच्या बोटांना सुया टोचत आलेला. लोहाच्या गोळ्या सुरू होऊन तीन महिने झाले, तरी उर्वशीचं हिमोग्लोबिन साडेसातच्या वर सरकत नव्हतं. असंच राहिलं तर बाळंतपण जिवावर बेतेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

"एकबी नाही फेकली," उर्वशी जमिनीकडे पाहत पुटपुटली.

"मंग रक्त काहून वाढून नाही राह्यलं? मी पेली काय?"

खरं तर संशय कमलाकरलाही होता. तरी त्याने विचारलं, "कशासोबत घेते तू गोयी?"

"कोऱ्या चहासोबत. तुम्हीच त सांगतलं होतं, चहा कोणी भुलत नाही, त गोयीबी भुलणार नाही."

कमलाकरने टेबलावरच्या आपल्या पेल्याकडे पाहिलं. ही त्याचीच युक्ती, आणि तिचा केवढा अभिमान त्याला! रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला माणूस! अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते खोटं नाही.

त्याने आपल्या पेल्यातल्या कोऱ्या चहात एक गोळी कुटून टाकली आणि ढवळली. बघता बघता चहा शाईसारखा काळा झाला. रामीबाई मागे सरकली.

"पोटात हेच होते. चहातला तुरटपणा लोहाले असा धरून बसते, का सोडतच नाही. मंग रक्तात जाईन कसं? तुमची सून खरं बोलून राह्यली, बाई. चूक माही आहे."

बोलताना त्याला लाज वाटली. पण तेवढ्यावर थांबणं त्याला बरं वाटेना. बाहेर बाकावर बसलेल्या बायांसमोर जाऊन त्याने तेच मोठ्याने सांगितलं. "गोयी लिंबाच्या पाण्यासोबत घ्या. चहा दोन घंटे लांब." दोघीतिघी पदराआड हसल्या. हसू देत, असं म्हणून तो कामाला लागला.

पाच आठवड्यांनी आकडा आला नऊ पूर्णांक चार. कमलाकरने स्वतःच दोनदा तपासला, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. रामीबाईने कागदाची घडी करून कमरेला खोचली.

"तांड्यावर साऱ्यायले सांगून बसली मी, हे गोया फेकते म्हणून," ती म्हणाली. "आता घरोघरी जा लागते."

दोघी बाहेर पडल्या. ऑटोवाल्याचा यात काडीचा संबंध नव्हता, पण रामीबाईने सुरुवात त्याच्यापासूनच केली. खिडकीतून कमलाकरला ऐकू आलं, "भाऊ, माही सून खोटी नाही."