डाव्या चाकाचा नट

"चाक हलून राहिलं, दिसते का नाही तुले? का डोळे बी शाळेतच ठेवून आला?"

ईश्वरदासनं जॅकवर चढवलेल्या जीपचं पुढचं डावं चाक वरून-खालून धरलं अन् पुन्हा हलवलं. टक. बारीकसा आवाज. बापानं पोराकडं असं पाहिलं जसा काही चोर सापडला.

"तेवढं हलालेच पाह्यजे बाबा," चेतन दात दाबून म्हणाला. "कितीदा सांगू? आतमंदी बेअरिंग आहे. नट पूर्ण कसाचा अन् मंग थोडासा वापस घ्याचा. ते ढिल नसली तर बेअरिंग तापते, जाम होते."

"ढिल ठेवून कुठं काम होते काय गा? वीस वर्सं माग चालवला मी. सूत ढिलं राह्यलं का कापड गेलं बोंबलत. कसून घे ते."

"हा माग नाही ना पण!"

"आवाज खाली."

"अन् मागाचं तर मले सांगूच नका. गेला ना शेवटी सरपणात? आता हे गाडी बी घाला तुमच्या हातानं."

ओट्यावर चेतनची आई ताडपत्रीले दोरा मारून राहिली होती. तिची सुई मधातच थांबली. अंजू, चेतनची लहान बहीण, दहावीचं पुस्तक तोंडापुढं धरून बसली होती, तिनं पान उलटवलं नाही. ईश्वरदास खांद्यावरच्या दुपट्ट्यानं हात पुसत राह्यला, पुसलेलेच हात पुन्हा पुन्हा.

चेतनले समजलं का जास्त बोललो. पण समजून उपयोग काय, डोस्क्यात सणक गेली होती. नट फिरू नये म्हणून लावाचं वायसर जुनं झालं होतं, त्याचा एक कान मोडला होता. नवीन आणाचंच होतं. चप्पल घातली अन् तो लकडगंजकडं निंगाला.

हे जीप म्हणजे तांडापेठेतल्या त्या गल्लीचा सहा महिन्यांचा तमाशा होती. उमरेडकडच्या रुपराव नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यामागं पडून होती, चेतनपेक्षा वयानं मोठी. हुडावर वेल चढला होता, सीटमंदी कोंबडी अंडे दे. ईश्वरदास कळमन्याच्या बाजारात मापारी. रुपराव तिथं संत्रा घेऊन ये, त्यातून ओळख. तो म्हणे, घेऊन जा, माह्याकडं साप पाळाले होऊन राहिली. शाळा सोडलेल्या पोराले काही तरी काम भेटन म्हणून बापानं ट्रॉलीवर टाकून आणली.

अन् पोट्ट्यानं काम केलं बाप्पा. तळाचा सडलेला पत्रा कापून नवीन बसवला. स्प्रिंगचे जाम पाटे सोडवले, चाकाले नवीन बेअरिंग टाकलं, पासिंग करून आणली. मागं प्लायवूडचे खोके, खोक्यांवर झोपाची फळी, फळीखाली शेगडी अन् छोटा सिलेंडर. रोज सकाळी बापानं कळमन्याले न्यावं अन् सुट्टीत सगळ्यांनी तलावाकाठी मुक्काम कराव, असा बेत. छताच्या बाजूनं आईनं शिवलेली ताडपत्री गुंडाळून ठेवाची होती, ओढली का मांडव. गुंडाळाले पाइप पाह्यजे होता. एक दिवस ईश्वरदास काही न बोलता माळ्यावर चढला अन् लाकडी रूळ घेऊन उतरला. मागावर विणलेलं कापड ज्याच्यावर गुंडाळे, तो. अख्ख्या मागातून तेवढाच उरला होता. बरोबर माप बसलं.

म्हणून तर ते सरपणाचं बोलणं बापाले लागलं होतं. चेतनले हे लकडगंजच्या दुकानात वायसर हातात घेतल्यावर आठवलं. तरी तो लगेच वापस नाही आला. टपरीवर बसला, चहा घेतला, अजून एक घेतला. म्हणे, बसू दे बापाले थोडा वेळ वाट पाहात.

वापस आला तर जीप नाही.

जॅक आडवा पडला होता. बाजूले बॉक्स पाना, अन् पान्याच्या दांडीत नळाचा हातभर लांब पाइप घुसवलेला. चेतन तिथंच थांबला. पाइप कायले लावते माणूस? जोर वाढवाले.

समोरच्या घरातला पियुष फाटकावर बसून शेंगा खाऊन राहिला होता.

"गेले बे ते," तो म्हणाला. "मुक्कामाले. उमरेडच्या त्या रुपरावच्या शेताजवळ तलाव आहे म्हणे ना, तिकडं. तुह्या बापानं सामान भरलं, आईले म्हणे बस. आई म्हणे चेतनले येऊ द्या, तर म्हणे त्याले राहू दे घरी, गाडी कशी चालते ते दाखवतो त्याले."

"चाकाले काही केलं का त्याईनं?"

"केलं म्हणजे? पाइपवर उभे राहून कसून राहिले होते काका. सर्कसच पाह्यली मी आज फुकटात."

"अन् तू शेंगा खात बसला!"

"मंग काय टाळ्या वाजवू? मले काय मालूम बे?"

"केव्हा गेले?"

"झाला बराच टाइम. दिघोरीच्या पार गेले असन."

चेतनच्या हातातलं वायसर खाली पडलं. उमरेड रोड त्याच्या डोळ्यापुढं आला. दोन्ही बाजूनं कोळशाचे ट्रक, अन् त्याईच्या मधात त्याचा बाप, बाजूले आई, मागच्या खोक्यावर अंजू, तिच्या पायाखाली सिलेंडर. कसलेलं बेअरिंग आधी गरम होईन. मंग ग्रीस पाणी होऊन वाहून जाईन. मंग सुकं लोखंड लोखंडावर. शेवटी एक तर चाक जागच्या जागी जाम, नाही तर चाक इकडं अन् गाडी तिकडं. मागून ट्रक.

त्यानं बापाले फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. गाडी चालवताना बाप फोन उचलत नाही, हे गल्लीतल्या कुत्र्याले बी मालूम. तिसऱ्यांदा अंजूनं उचलला.

"काय आहे?" तिचा आवाज इंजिनच्या घरघरीत अर्धा डुबला होता. "रुसून गेला होता ना तू? बस आता घरी. मस्त चालून राहिली गाडी, हवा काय येऊन राहिली!"

"अंजू, कुठं आहे तुम्ही?"

"विहिरगाव गेलं आत्ताच."

"काही वास येते का?"

"येते ना. जळाल्यासारखा. बाबा म्हणे नवीन पेंट तापून राहिला."

"गाडी एका बाजूले ओढते का? विचार त्याईले."

तिनं विचारलं. मधात ट्रकचा हॉर्न गेला. "हो म्हणते, डावीकडं थोडी. रस्ता उतरता आहे म्हणते."

"कायचा उतरता! थांबवा गाडी! आत्ताच्या आत्ता बाजूले घ्या! सांग त्याईले, तुमच्या पाइपनं सगळ्याईचा जीव घेता तुम्ही!"

फोन स्पीकरवर होता. बापाचा आवाज आला, इंजिनच्या वरून, थंड.

"सांग त्याले, चाक आता बिलकूल नाही हलत. अन् फोन ठेव."

ठेवला.

चेतननं पुन्हा लावला. कट. पुन्हा. कट. त्यानं फोन आपटाले हात वर केला अन् पियुष ओरडला, "अबे तो फुटला तर कायनं लावशीन!" तेव्हा कुठं हात खाली आला.

"गाडी दे तुही," चेतन म्हणाला.

"पेट्रोल नाही फार. अन् पोचेपर्यंत..." पियुषनं रोडकडं पाह्यलं.

ते चेतनले बी मालूम होतं. तो पोचेपर्यंत जे व्हाचं ते होऊन जाईन. फोननंच थांबवाले पाह्यजे. अन् फोनवर जेवढं ओरडाव तेवढा बाप पुढं चालवन. ह्या घरात जिद्द कोणाकडून आली हे काय सांगाव लागते?

तो घरात घुसला, जुन्या बेअरिंगचा डबा घ्याले. निदान जुनं तरी चांगलं होतं, फेकलं नव्हतं. डबा पुढच्या खोलीतल्या फरशीवर होता. जिथं ते एक फरशी बाकीच्याईपेक्षा वेगळी आहे, तिथं. फरशीच्या खाली खड्डा. मागाचा खड्डा, ज्यात पाय सोडून बाप बसे. माग गेला अन् खड्ड्यावर फरशी आली, तेव्हा चेतन पहिली-दुसरीत होता. पण दिवेलागणीची एक गोष्ट त्याले अजून दिसे. आई जेवाले हाक मारे, बाप धोटा बाजूले ठेवे, पण लगेच उठे नाही. आधी एक खुंटी काढे. ताणलेलं सगळं सूत थोडंसं खाली ये, श्वास सोडल्यासारखं. मंगच उठे.

चेतन फरशीवरच बसला. फोन लावला. वाजत राह्यला. उचल वं अंजू, उचल.

"दादा, बाबा ओरडतीन," अंजूचा आवाज एकदम हळू होता. आता हवेची मजा नव्हती त्यात. "वास बहुत वाढला. आई बी म्हणून राहिली थांबा, तर ऐकत नाही. पाचगाव येईन आता."

"स्पीकरवर टाक. मी भांडत नाही. आईची शपथ, भांडत नाही."

घरघर मोठी झाली.

"बाबा, एक विचारू का?"

चेतननं फोन कानाले दाबून धरला.

"संध्याकाळी मागावरून उठाच्या आंधी तुम्ही खुंटी काढे. काहून काढे?"

इंजिन चालत राह्यलं. मागून कोणीतरी ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला. चेतनले वाटलं, फोन कटला. मंग बाप बोलला.

"ताणा ढिला कराले."

"काहून?"

"रातभर ताणून ठेवला का सूत तुटते." मधात एक दम. "कसलेलं सूत स्वतःच तुटते, हात बी लावाव लागत नाही."

"मी तेवढीच ढिल ठेवली होती बाबा. टक करे ना चाक, ते तेवढंच होतं. बाकी सगळं कसलेलंच होतं. तुमच्यासारखंच केलं होतं मी."

घरघर. घरघर. घरघर.

मंग टिक, टिक, टिक. डाव्या बाजूचा इंडिकेटर. त्याची वायर चेतननंच जोडली होती, आवाज ओळखीचा होता. टायरखाली गिट्टी वाजली. कशाचं तरी कर्रकन घासणं, दाताले झिणझिण्या येतीन असं, अन् इंजिन बंद.

"दादा!" अंजू खाली उतरली होती. "दादा, धूर! चाकाच्या मधातून धूर येऊन राहिला! काळं काळं काही तरी गळून राहिलं खाली!"

"पाणी नको टाकू! ऐक, कोणीच पाणी नका टाकू, तडकते ते. आईले उतरव. मागचा सिलेंडर काढा अन् दूर न्या, दूर, शेतात. मागच्या चाकाले गोटे लावा. अन् गाडीच्या रोडच्या बाजूनं कोणी उभं राहू नका."

फोन कोणाच्या तरी हातात तसाच चालू राह्यला. चेतन ऐकत होता. आईचं "हळू वं, हळू", सिलेंडरचा ठणठण, ट्रक गेला, अजून एक गेला, इतका जवळून का फोनमंदी वारं शिरलं. फाटकात पियुष आपल्या गाडीची चाबी घेऊन उभा होता. शेंगा कुठं ठेवल्या होत्या कोण जाणे.

"चेतन." बाप होता.

"हा."

"धूर कमी झाला. हात लावून पाह्यला मी."

"कायले लावला बाबा!"

"भाजला." फुंकर मारल्याचा आवाज आला. "अजून थोडं पुढं पुलाचा उतार आहे. तिथं ट्रक थांबत नाही कोणासाठी."

त्या सरपणाच्या गोष्टीबद्दल बोलाव असं चेतनच्या तोंडापर्यंत आलं होतं, पण ते तसंच ठेवून त्यानं डब्यातलं जुनं बेअरिंग बोटानं फिरवून पाह्यलं.

"इथं एक पंक्चरवाला आहे," बाप म्हणाला. "म्हणे मी खोलून देतो, हातोडी आहे माह्याकडं. मी म्हटलं, हात लावाचा नाही. गाडीवाला येऊन राहिला."

"हा. कोणालेच लावू देऊ नका. नवीन बेअरिंग तर गेलं. जुनं आणतो मी. चाक ज्याच्यावर फिरते तो आतला दांडा वाचला का नाही, ते नट खोलल्यावरच समजन."

"नाही वाचला तर?"

"तर मंग तिथंच मुक्काम."

बाप हसला का खोकलला, समजलं नाही. मागून आईचा आवाज आला, "त्याले सांगा, मांडव काढला म्हणा."

"तुह्या आईनं रूळ उलगडला," बाप म्हणाला. "रोडच्या काठाले. सावली झाली बराबर. चांगला फिरला, अटकला नाही."

चेतननं डबा बगलेत मारला. खाली पडलेलं वायसर शोधून खिशात टाकलं. बॉक्स पाना उचलला, त्यातून पाइप काढाले गेला तर निंगेना, इतका ठासलेला होता. उंबरठ्यावर दोनदा आपटला तेव्हा सुटला.

"अन् पाना आण बरं," बाप सांगत होता. "पाइप... पाइप राहू दे घरीच."

पियुषनं गाडीले किक मारली. पहिली फुकट गेली. ऊन उतराले लागलं होतं, नट उजेडातच खोलाले पाह्यजे, अन् पेट्रोल बी टाकाचं होतं.

"जेवला का तू?" आईनं फोन ओढून घेतला होता. "डब्यात तुही भाकर आहे, मी आणलीच होती, मले मालूमच होतं का तू..."

"आई, आल्यावर. ठेव आता फोन. मले निंगाव लागते."