पुलाची थरथर

मी रबरी टोकाची हातोडी मारली की खाडीवरचा लोखंडी पूल ओवी म्हणतो. पुलाला मेणाने चिकटवलेले सेन्सर ती ओवी तारेवाटे वाळूवरच्या तंबूत पोचवतात. तिथे माझा नवरा हेरंब संगणकात उभारलेल्या पुलाकडून तीच ओवी म्हणवून घेतो. दोन्ही सूर जुळेपर्यंत संगणकातला पूल बदलायचा, खाडीवरच्याला हात लावायचा नाही, ही आमची लग्नाआधीपासूनची रीत. "यमू, लोखंड खोटं बोलत नाही," असं तोच म्हणायचा.

आज पुलाचा सूर उतरला होता.

*तिसरं गं माझं पाऊल, वाळूमंदी ठरंना,*
*येणारीला सांग बाई, भार मला पेलंना.*

वाट अडवायला बांधलेल्या दोरीपाशी माझी धाकटी बहीण कुंदा डोक्यावर मासळीची टोपली घेऊन उभी होती. "ताई, किती बडवशील त्याला? सासूचा राग काढतेस की काय? टोपलीतल्या बांगड्यांनीसुद्धा डोळे मिटले बघ!"

खरंच मिटले होते.

"थांब गं, तिसऱ्या खांबाखालची वाळू सरकलीय. दोरी ओलांडू नकोस."

मी तंबूत गेले. पडद्यावरचा पूल खणखणीत गळ्याने मंगळाष्टका म्हणत होता.

"जुळत नाहीये," मी म्हटलं. "तुझा तिसरा खांब मऊ कर."

"वेळ नाही. उद्घाटनाचा नारळ फोडायला पाहुणे आलेत." हेरंबने मान वर केली नाही. "बाहेरचाच बदलतो."

त्याने बटण दाबलं. बाहेर पुलाने घसा खाकरला आणि तोही मंगळाष्टका म्हणू लागला. पण काढलेली थरथर कुठेतरी ठेवावी लागते. ती बरगड्यांमधून माझ्या आत शिरली, ओल्या कपड्यासारखी गार, आणि तिथेच बसली.

"माझ्यात का रे?"

"मॉडेलमध्ये तू कुठेच नाहीस," तो मायेने म्हणाला. "तुझ्यात कोण शोधणार?"

मी बाहेर पळायला गेले. पाय घोट्यापर्यंत वाळूत रुतले होते, आणि वाळू खालून हळूहळू निसटत होती.

"कुंदा!" मी ओरडले. पण आवाज आता पुलाचा होता, आणि इतका खालचा सूर माणसाच्या कानाला लागत नाही. तो फक्त सेन्सरना ऐकू गेला. पडद्यावर एक रेघ वेड्यासारखी नाचू लागली. हेरंबने ती पाहिली. मग तो बाहेर गेला आणि नखाने मेण खरवडून एकेक सेन्सर काढू लागला, अगदी अलगद, मी झोपल्यावर माझ्या केसांतली फुलं काढायचा तसा.

रेघ सरळ झाली.

"भावोजी, येऊ का?" कुंदाने विचारलं. "ताई थांब म्हणाली होती."

"तिचं झालंय मोजून. ये, ये, पहिला मान तुझा."

"बघ हं, पडले तर मासे भरून द्याल!"

ती हसली, दोरी ओलांडून आली आणि तिने पुलावर पहिलं पाऊल टाकलं. ते माझ्या खांद्यावर पडलं, अनवाणी, मासळीच्या पाण्याने ओलं. दुसरं गळ्याच्या हाडावर. टोपली सावरत, गुणगुणत, ती माझ्या छातीच्या मधोमध निघाली.