वाटून घ्यायचा तीळ

पोहायला शिकवणाऱ्या बाईंचा हात सकाळपासून राहून राहून मानेकडे जात होता. मागे त्यांच्या खांद्यावरचा तीळ कर्करोगाचा निघाला होता. तो कापून काढला आणि बाई बचावल्या. त्वचा तपासणारी फिरती गाडी बंद पडू नये, म्हणून आज त्यांचे विद्यार्थी पोहून देणग्या मिळवत होते. ‘मी कशी बरी झाले’ यावर बाईंना बोलायचं होतं. आणि कालच आरशात मानेवर नवा तीळ दिसला होता.

“ताई, सारखं काय चाचपतेस? मधमाशी चावली का?” धाकट्या बहिणीने विचारलं.

बाईंनी हळूच सांगितलं. “आज बोलू नकोस कुणाला. लोकांचा विरस होईल. नंतर बघू.”

“मागच्या वेळीही ‘बघू, बघू’ करत वर्ष घालवलंस! लोक एक तीळ सात जणांत वाटून खातात, अन् तू एकटीच गिळून बसलीस!”

माइकसमोर बाईंनी पाठ केलेलं भाषण बाजूला ठेवलं. “मी बरी झाले,” त्या म्हणाल्या आणि तपासणीच्या गाडीतल्या डॉक्टरीणबाईंकडे वळल्या. “पण काल नवा तीळ सापडलाय. कसला आहे, ठाऊक नाही. डॉक्टरीणबाई, गाडी फाटकाशी उभीच आहे. आधी मला तपासा.”

बाई गाडीच्या पायरीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. हात पुन्हा मानेकडे निघाला होता.

मागून कुणीतरी खाकरलं. तलावाचा रखवालदार बाही वर सारत होता.

“बाई, तुमच्यामागे मी,” तो म्हणाला.

“आणि याच्यामागे मी,” बहीण म्हणाली. “सरका जरा पुढे.”