डॉक्टरबाईंच्या घरातली मुलगी

ठकूच्या शिक्षणाची जबाबदारी डॉक्टरबाईंनी घेतली, तेव्हा तिच्या घरात पहिले काही दिवस कुणाला खरंच वाटेना. वडील जुन्या सोफ्यांना आणि खुर्च्यांना नवं कापड चढवायचे. आई मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. खालच्या खोलीत दुकान, वरच्या खोलीत संसार, आणि दोन्हीकडे हातोडीची ठकठक. त्या आवाजात अभ्यास करून ठकू शाळेत पहिली आली आणि मुख्याध्यापिकेने तिचं नाव डॉक्टरबाईंच्या कानावर घातलं.

डॉक्टरबाई नावाजलेल्या सर्जन. निवृत्त झाल्या होत्या, तरी आई काम करायची त्या रुग्णालयात त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. गेलेल्या नवऱ्याच्या नावाने त्यांनी एक निधी काढला होता आणि त्यातून गरीब घरातल्या हुशार मुलींना शिष्यवृत्ती मिळायची. पण शिष्यवृत्ती देऊन मोकळं व्हायचं, हा त्यांचा स्वभाव नव्हता. मुलीचा अभ्यास, तिचं बोलणं, वाचणं, उठणं-बसणं, तिचा साधा सर्दी-खोकला, सगळ्यात त्या जातीने लक्ष घालायच्या. निधीतून शिकलेल्या मुली आज चांगल्या हुद्द्यांवर होत्या आणि सगळ्या त्यांचं नाव काढायच्या.

पहिल्याच भेटीत त्यांनी ठकूला विचारलं, पुढे काय व्हायचंय? ठकू तोंड उघडणार तेवढ्यात आईच बोलून गेली, "डॉक्टर."

ठकूला खुर्च्या करायच्या होत्या. फाटकं कापड आणि दबलेला कापूस काढला की खुर्चीचा सांगाडा उघडा पडतो, आणि कुठली खुर्ची पाठ सांभाळते, कुठली पाठीचा सूड घेते, हे तिला लहानपणापासून तो सांगाडा बघून समजायचं. पुठ्ठ्याच्या तुकड्यांतून ती बोटभर उंचीच्या खुर्च्या कापायची आणि त्यांवर कापसाच्या गोळ्याची माणसं बसवून बघायची. हे शिकवणारी कॉलेजं असतात, हेही तिने शोधून ठेवलं होतं. पण आईचा चेहरा असा खुलला होता आणि डॉक्टरबाई इतक्या कौतुकाने बघत होत्या की तिने नुसती मान डोलावली. ती मेडिकलला गेली.

पहिल्या परीक्षेत तिला जेमतेम मार्क पडले. डॉक्टरबाई एकदा तिच्या घरी आल्या, दुकानात घटकाभर उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, या गोंगाटात शहाणा माणूसही वेडा होईल, पोरीला माझ्याकडे राहू द्या. वडिलांना हे फारसं रुचलं नव्हतं. पण नाही म्हणायला त्यांच्याकडे काही सबबही नव्हती.

डॉक्टरबाईंच्या घरात वरची खोली तिला मिळाली. स्वच्छ, शांत, खिडकीला जाड पडदे, टेबलावर हिरव्या काचेचा दिवा. त्यांच्या परदेशी गेलेल्या मुलीची ती खोली. कपाटात तिचे कपडे अजून होते; ते ठकूला थोडे ढगळ व्हायचे, पण चांगले होते म्हणून तिने तेच घालावेत असं ठरलं. ठकू हे नाव डॉक्टरबाईंना गावठी वाटायचं. त्या तिला 'बाळ' म्हणायच्या. दार लोटून घ्यायला हरकत नव्हती, कडी मात्र लावायची नाही. चक्कर-बिक्कर आली तर, असं त्या म्हणत. त्या दुधाचा पेला घेऊन यायच्या, दारावर टिचकीही न मारता आत यायच्या, पुस्तकात कुठलं पान उघडं आहे ते बघायच्या, डोक्यावरून हात फिरवायच्या आणि जायच्या. त्यात वाईट असं काहीच नव्हतं. कुणाला सांगायला जावं तर आपणच कृतघ्न ठरू, एवढं ते चांगलं होतं.

रविवारी ती घरी जेवायला जायची. पण डॉक्टरबाईंची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी असायची, आणि ड्रायव्हर ताटकळतोय या विचाराने आईच तिला लवकर हाकलायची.

मग एकेक चांगल्या गोष्टी घडत गेल्या. धुलाईखान्यातल्या वाफेने आईला दम लागायचा. डॉक्टरबाईंनी शब्द टाकला आणि आईला कपड्यांच्या कोठारात बसून करायचं काम मिळालं. धाकट्या भावाला चांगल्या शाळेत प्रवेश मिळाला. रुग्णालयातल्या सगळ्या बाकांना नवं रेक्झिन चढवायचं काम वडिलांकडे आलं आणि दुकानात पहिल्यांदाच एक मदतनीस ठेवावा लागला. अशी प्रत्येक बातमी आई हसत हसत सांगायची, आणि ठकू मनात मोजत जायची. घरातला एकेक माणूस तिच्या खुंट्याला येऊन बांधला जात होता. ती जरा जरी हलली, तर सगळेच हलणार होते.

दुसऱ्या वर्षी एका रविवारी घरी तिने धीर केला. आई भांडी पुसत होती. मला तिथे राहायचं नाही आणि डॉक्टरही व्हायचं नाही, असं ती एका दमात बोलून गेली. आईने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"मारतात का तुला तिथे?"

"नाही."

"उपाशी ठेवतात?"

"नाही गं."

"मग?"

ठकूने पुसलेली भांडी फळीवर लावली. मग ती गाडीत जाऊन बसली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. अभ्यास करत राहिली, पास होत राहिली. मणक्यांचं प्रकरण मात्र तिने पुन्हा पुन्हा वाचलं. पाठीचा कणा कुठे वळतो, कुठे भार घेतो, हे वाचताना तिचा पेन्सिलीचा हात आपोआप चालायचा, समासात एखाद्या खुर्चीची पाठ उमटायची, आणि पावलं वाजली की ती रबराने खोडून टाकायची. कॉलेजात तिला 'डॉक्टरबाईंची मुलगी' म्हणायचे. सुरुवातीला तिने दोन-तीनदा दुरुस्त करून पाहिलं. मग सोडून दिलं.

चौथ्या वर्षी निधीने एक नवी मुलगी निवडली. तिचे वडील विमानतळावर विमानं आतून साफ करायचे. मुलगी शिडशिडीत, दोन घट्ट वेण्या, आणि तोंडाला खळ नाही. घरात तिला टकळी म्हणायचे, हे तिनेच आल्या आल्या सांगून टाकलं. डॉक्टरबाईंनी ठकूला बोलावलं आणि म्हणाल्या, आता तुझी पाळी. मी तुला घडवलं तसं तू हिला घडव. पोरगी हुशार आहे, मेडिकलला सहज लागेल, पण डोक्यात काहीतरी भलतंच खूळ घेऊन आली आहे. तुझं ती ऐकेल. तुमच्यातलीच आहे.

ते 'तुमच्यातली' ठकूला लागलं. पण ती हो म्हणाली.

दोघी वरच्या खोलीत बसल्या. टकळीने आधी पलंग दाबून पाहिला, दिवा लावून बंद केला, आणि मग सांगितलं की तिला विमानाची इंजिनं दुरुस्त करायची आहेत. एकदा वडिलांनी तिला विमानं दुरुस्त करायची मोठी शेड, हँगर, दाखवली होती. तिथे एका बाईने हात कोपरापर्यंत इंजिनात घातला होता, आणि सगळे पुरुष गप्प उभे राहून तिच्याकडे बघत होते. तेव्हापासून तिचं ठरलं होतं. कोर्स कुठे आहे, काय लागतं, सगळं तिला पाठ होतं.

ठकूने सुरुवात केली. तू हुशार आहेस, तुझ्याकडून सगळ्यांच्या अपेक्षा आहेत, अशी संधी पुन्हा येत नाही, आईवडिलांचा विचार कर. वाक्यं सरळ ओळीने येत होती. मध्येच तिला कळलं की आवाजसुद्धा आपला राहिलेला नाही. शब्दाच्या शेवटी जरासं थांबणं, मान तिरकी करणं, सगळं डॉक्टरबाईंचं होतं. ती बोलायची थांबली.

टकळी तिच्याकडे निरखून बघत होती. "ताई, एक विचारू? तुम्हाला व्हायचं होतं का डॉक्टर?"

दार नुसतं लोटलेलं होतं. ठकूने दाराकडे पाहिलं. खाली डॉक्टरबाई फोनवर कुणाशी तरी बोलत होत्या.

"नाही," ती हळूच म्हणाली. आईनंतर हे तिने पहिल्यांदाच कुणापुढे कबूल केलं होतं. मग बाकीचंही बाहेर आलं. आईचं काम, भावाची शाळा, वडिलांचे बाक. शेवटी ती टकळीला म्हणाली, "तुला नाही म्हणायचं असेल तर आजच म्हण. अजून तुझ्या घरच्यांना काही मिळालेलं नाही. एकदा मिळायला लागलं की जमत नाही."

टकळीने मान हलवली, खाली गेली आणि डॉक्टरबाईंना सरळ सांगून मोकळी झाली की मेडिकल नको, आणि तिथल्या तिथे हेही सांगितलं की ताई म्हणाल्या, नाही म्हणायचं तर आजच म्हण. तिच्या मनात कपट नव्हतं. जे ऐकलं ते तिने जसंच्या तसं पुढे दिलं. जिना उतरता उतरता ठकूने ते ऐकलं आणि ती मधल्या पायरीवरच थांबली.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी टकळीला गाडीने घरी पाठवलं आणि नंतर बरेच दिवस ठकूशी जेवढ्यास तेवढं बोलल्या. मीठ दे. दार लाव. दुधाचा पेला बंद झाला. जेवणाच्या टेबलावर चमच्यांचा आवाज तेवढा व्हायचा, आणि ठकूला घास गिळताना तोही मोठा वाटायचा.

बातमी आईपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. एका दुपारी कोठारातलं काम आटोपून ती तशीच गणवेशात आली. डॉक्टरबाईंनी बसायला सांगितलं, पण ती बसली नाही. खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. पोरीचं चुकलं, ती म्हणाली. लहान आहे, तिला समज नाही, तुम्ही पोटात घाला. तुम्ही होतात म्हणून आम्ही माणसांत आलो. बोलता बोलता तिने हात जोडले. वाफेने कायमचे लाल झालेले ते हात ठकूने पाहिले.

डॉक्टरबाई ओशाळल्या. अहो, असं काय करता, म्हणत त्या उठल्या. मग ठकूकडे वळल्या. "मी तुला कोंडून ठेवलं होतं का, बाळ? दार कधी बंद केलं?"

"नाही केलं," ठकू म्हणाली. "उघडंच होतं. पण मी बाहेर पडले असते, तर माझ्या घरच्यांचं काय झालं असतं?"

आईने तिला गप्प बस म्हणून खुणावलं. ठकू गप्प बसली नाही. ती काही फार बोलली नाही, आवाजही चढवला नाही. आईचं काम आपल्या मार्कांवर टांगलेलं आहे, असं ती चार वर्षं धरून चालली होती. तसं आहे का, एवढंच तिने विचारलं.

डॉक्टरबाई खाली बसल्या. कुणी हे विचारेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. तसं कधीच नव्हतं, त्या म्हणाल्या. आणि मग, कुणाला सांगितल्यासारखं नव्हे, पुटपुटल्यासारखं, म्हणाल्या की तसं नाही हे मी कधी सांगितलंही नाही.

मग त्यांनी तिला काय हवंय ते विचारलं. ठकूने खुर्च्यांचं सांगितलं. आईने कपाळावर हात मारला. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. पण आता चौथं वर्ष सरत आलं होतं. सगळं सोडून पहिल्यापासून सुरू करायचं, तर भाऊ शिकून मिळवता होईपर्यंत घर कुणाच्या जिवावर चालणार, हे त्या खोलीतल्या तिघींनाही कळत होतं. निधीतून दुसरं शिक्षण करता येईल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. ठकूने आईकडे पाहिलं. आई अजून खुर्चीची पाठ धरून उभी होती. मी हे पूर्ण करते, ठकू म्हणाली. कुणी जबरदस्ती केली नव्हती. तरी ते म्हणताना तिला पुन्हा तीच जुनी मान डोलावल्यासारखं वाटलं.

एक गोष्ट मात्र तिने मागून घेतली. तिला हॉस्टेलवर राहायला जायचं होतं.

टकळीला निधीने विमान दुरुस्तीच्या कोर्सला पाठवलं. त्यासाठी डॉक्टरबाईंना निधीच्या इतर लोकांशी चांगलंच भांडावं लागलं, असं नंतर कळलं. टकळी अधूनमधून ठकूला फोन करायची आणि एकटीच बोलत सुटायची. तिच्या नखांतलं काळं वंगण आता निघता निघत नव्हतं आणि त्याचा तिला भारी अभिमान होता. तिचं ऐकताना ठकूला आनंद व्हायचा. फोन ठेवल्यावर जे वाटायचं, त्याला आनंद म्हणता आलं नसतं.

हॉस्टेलच्या खोलीत चौघी होत्या. पंखा कुरकुरायचा, नळाला पाणी नसायचं, शेजारची मुलगी झोपेत बोलायची. आई एकदा बघायला आली आणि म्हणाली, ते राजवाड्यासारखं घर टाकून इथे काय सोनं लागलंय तुला? ठकूने तिला आपल्या पलंगावर बसवलं. पुढे अजून परीक्षा होती, वॉर्डातली ड्यूटी होती, आणि त्यानंतर आयुष्यभर लोक तिच्यापुढे पाठ दुखते म्हणून बसणार होते. त्यांतल्या काहींना तरी आपल्या सांगण्यावरून बसायला नीट खुर्ची मिळेल, असा विचार तिच्या मनात येऊन गेला. तो समाधानाचा होता की मनाची समजूत घालण्याचा, हे तिला ठरवता आलं नाही.

आई गेल्यावर बाकीच्या तिघी जेवायला खाली उतरल्या. ठकूने दार लावून आतून कडी घातली आणि अंथरुणावर पडून राहिली. थोड्याच वेळात खोलीतल्याच एकीने दार वाजवलं आणि कडी निघायची वाट बघत ती बाहेरच थांबली; ठकू उठून बसली.