कोपऱ्यातला डाग

थोरलीने पायांतल्या फिन्सचे पट्टे ओढले, नळीतून एक श्वास घेऊन पाहिला आणि टाकीच्या कठड्यावरून पाठीमागे झुकत सरळ पाण्यात गेली.

करमणूक पार्कातल्या या मत्स्यालयाची काच तिने अठरा वर्षं बाहेरून पुसली होती. धाकटी जाऊही तिथेच कामाला, म्हणून ही सगळ्यांची थोरली. बाहेरून पुसणारे आणि आत उतरणारे यांचं तिथे एकच जुनं भांडण होतं. डाग दिसला की बाहेरचे म्हणत आतला आहे, आतले म्हणत बाहेरचा आहे. काच वीतभर जाड, त्यामुळे दोघांनाही हात झटकायला बरं पडे. वरच्या डाव्या कोपऱ्यातला बटणाएवढा पांढुरका डाग तर याच भांडणावर जगला होता. धाकटी एकदा तो खरवडायला गेली, तेव्हा थोरलीने तिला चारचौघांत झापलं होतं.

चाळिशी उलटल्यावर थोरली पोहायला शिकली, दोनदा नापास झाली आणि तिसऱ्यांदा पाणबुड्यांच्या परीक्षेत पास झाली. काल मात्र ती सगळ्यांसमोर बोलून बसली, की तो डाग आतून काढला नाही तर पुन्हा फडकं हातात घेईन. जिभेला हाड नसतं ते असं. पन्नाशीला टेकलेल्या बाईला कायम करावं की नाही या विचारात असलेल्या प्रशिक्षकाला आयताच मार्ग सापडला.

आता तो काचेपलीकडे धाकटीशेजारी उभा होता. थोरलीला भीती अशी वाटतच नव्हती. एक भलामोठा पाकट मासा डोक्यावरून गेला, तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कोपऱ्यात पोहोचून तिने ब्रश लावला. घासलं. पुन्हा घासलं. डाग जागचा हलला नाही.

मग तिने डागावर बोट टेकवलं आणि मान तिरपी करून पाहिलं. बोट आणि डाग यांच्यात अख्खी काच होती.

अठरा वर्षं ती छातीठोकपणे चुकीचं सांगत आली होती. तिला स्वतःची मनस्वी लाज वाटली.

पलीकडे प्रशिक्षक फोन घ्यायला वळला. धाकटी तेवढ्यात स्टुलावर चढली, तिने अंगठ्याच्या नखाने कोपरा खरवडला आणि फडकं फिरवलं. कुठल्याशा जुन्या सूचनेचा वाळलेला गोंद होता. खाली उतरताना तिने ओठांवर बोट ठेवलं.

थोरली वर आली तेव्हा दोघं जिना चढून कठड्यापाशी पोहोचले होते.

"निघाला की! म्हणजे आतलाच होता," प्रशिक्षक म्हणाला.

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. धाकटी तिच्याकडे डोळे वटारून पाहत होती.

"बाहेरचा होता," थोरली म्हणाली. "हिने काढला. इतकी वर्षं मीच चुकत होते, आणि हिला उगाच बोलले." तिने मास्क कठड्यावर ठेवला आणि ओला हात पुढे केला. "दे ते फडकं."

धाकटीने फडकं पाठीमागे नेलं.

"बाहेर जागा नाहीये, ताई. बाहेरचं आता मी बघते. तुम्ही तुमचं बघा. खाली उजवीकडे शेवाळ चढलंय, आणि ते आतलंच आहे."

थोरलीने प्रशिक्षकाकडे पाहिलं. तो वाकून तिच्या सिलिंडरचा काटा वाचत होता.

"वीस मिनिटांची हवा आहे अजून," तो म्हणाला. "उतरा."