जवळचा डोळा

नंबर घालवायला येणारी माणसं डॉक्टरीणबाईंना अलीकडे सगळी एकसारखीच वाटू लागली होती. कुणाचं लग्न ठरलेलं, कुणाची नोकरीची मेडिकल, कुणाला नुसताच नाकावरच्या खुणांचा कंटाळा. प्रत्येकाला तेच सांगायचं: दुखणार नाही, दिव्याकडे बघत राहा, बाकी सगळं मशीन करतं. यातलं शेवटचं वाक्य धादांत खोटं होतं. सगळं मशीन करत असतं, तर रोज संध्याकाळी बाईंचे खांदे असे भरून आले नसते.

त्या दिवशी तर सकाळपासून मान वर करायला फुरसत नव्हती. त्यात यादीतलं शेवटचं नाव होतं धाकट्या भावाचं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, इथे घोडाही घरचाच निघाला.

धाकटा कसला, पन्नाशीला टेकलेला. शाळेत पोरं त्याला ‘ढापण्या’ म्हणायची, आणि बाई अजून म्हणत. उणे सहाचा नंबर, बाटलीच्या बुडासारख्या काचा. शहरभराचे चष्मे उतरवणाऱ्या बाईचा सख्खा भाऊ चष्म्यात, म्हणजे दिव्याखाली अंधार, असं लोक तोंडावर म्हणायचे. बाई हसून सोडून द्यायच्या. आपल्या माणसाच्या डोळ्याला हात लावायची भीती वाटते, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

खरी अडचण मात्र भीतीची नव्हती, धाकट्याच्या धंद्याची होती. वडिलांचं नावं कोरायचं दुकान होतं. पितळी पाट्या, अंगठ्या, शर्यतीतल्या ढाली. धाकटा चष्मा काढायचा, पितळ नाकाजवळ धरायचा आणि तांदळाच्या दाण्याएवढं अक्षर कोरणीनं असं उठवायचा की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. चाळिशी उलटली की डोळ्यातलं भिंग ताठरतं, चांगल्या नजरेच्या माणसालाही वाचायला चष्मा लागतो. उणे नंबरवाल्याची मात्र तेवढी चैन असते. चष्मा काढला की जवळचं लख्ख! नंबर घालवला की ती चैनही जाते, आणि बाईंनी हे त्याला दहादा समजावलं होतं.

तरी तो हट्टाला पेटला, तेव्हा बाईंनी मधला मार्ग काढला. उजवा डोळा लांबच्यासाठी पूर्ण साफ करायचा आणि डाव्यात थोडा नंबर मुद्दाम शिल्लक ठेवायचा. वरून भिंग लावलं की दुकान चालू राहिलं असतं. आधी तशा लेन्सा घालून त्याला आठवडाभर कामाला बसवलं. मग लेन्सा काढून डोळा मूळ आकारावर येईपर्यंत वाट पाहिली आणि त्यानंतरच मापं घेतली. घरी जाऊन वडिलांनाही शब्द दिला, “डावा डोळा ठेवतेय, बाबा. काळजी करू नका.”

टेबलावर आडवं झालेल्या पेशंटकडून सगळं वदवून घ्यायचं, ही बाईंची स्वतःची पद्धत. नाव सांगायचं, डोळा सांगायचा, काय करायचं ते आपल्या तोंडानं सांगायचं. मग मशीनवर बसणारा पोरगा पडद्यावरचे आकडे मोठ्यानं वाचणार. हा पोरगा सगळ्या गोष्टींची मापं काढायचा म्हणून त्याचं नावच ‘मीटर’ पडलं होतं. दोन्ही जुळल्याशिवाय बाई पेडलवर पाय ठेवत नसत.

“बोल,” बाई म्हणाल्या.

धाकट्यानं नाव सांगितलं. मग छताकडे बघत म्हणाला, “दोन्ही डोळे. दोन्ही पूर्ण.”

मीटरनं पडद्याकडे बघितलं, मग बाईंकडे. “मॅडम, डाव्यात शिल्लक लिहिलंय.”

“ढापण्या, नीट बोल. डाव्यात ठेवायचंय.”

“नाही ठेवायचं.”

बाईंनी हातमोजे ओढून काढले. दिवसभराचा थकवा एकदम पायांत उतरला. त्यांनी त्याला उठवलं, शेजारच्या खोलीत नेऊन खुर्चीवर बसवलं आणि दार लावलं. डोक्यावर कागदी टोपी, छातीवर नावाची चिठ्ठी. एवढा थोराड माणूस, पण शाळेतून हाकललेल्या पोरासारखा दिसत होता.

“लेन्सा जमल्या म्हणालास ना मला?”

“जमल्या. म्हणून तर.” तो हातांकडे बघत बोलला. “आठवडाभर मस्त काम झालं, ताई. तेव्हाच कळलं की असा एक डोळा ठेवला तर मी मरेपर्यंत दुकानातल्या त्या बाकावरून उठत नाही.”

“म्हणजे?”

“नववीत चष्म्यातूनही फळा दिसेना म्हणून घरी सांगितलं, आठवतं? बाबा म्हणाले, याचा डोळा जवळचा आहे, हा बाकावर बसेल. हिचा डोळा लांबचा, हिला शिकू दे. तेव्हापासून बसलोय. वीतभर अंतरावर बघत.”

बाईंना आठवत होतं. त्या दिवशी आपल्याला आनंद झाला होता, तेही आठवत होतं.

“नको असेल तर सोड दुकान. डोळा कशाला बिघडवतोस?”

“तू बोललीयस कधी बाबांशी? वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो. मन नाही म्हटलं तर म्हणतील, मन कसलं, हात चालव. डोळाच गेला म्हटलं तर काय म्हणतील?”

“मग करणार काय?”

“शाळेची बस चालवीन. बोलून ठेवलंय. सकाळी पोरं भरायची, संध्याकाळी उतरवायची आणि दिवसभर लांब बघायचं.”

“चष्मा लावूनसुद्धा बस चालवता येते, शहाण्या.”

“येते. पण हा डोळा आहे तोवर बाबा मला चालवू देणार नाहीत.” मग तो अगदी हळू म्हणाला, “त्यांना तू सांगशील? की डाव्यात ठेवायचं तुझ्याकडून राहिलं म्हणून?”

“मी खोटं बोलणार नाही,” बाई तडकल्या. “अरे, आजवर एका पेशंटची तक्रार नाही माझ्यावर. तुला दुकान सोडायचंय ना, मग तुझं तू तोंड उघड. पुन्हा विचारते. जवळचं कायमचं जाईल. चाळिशी लावल्याशिवाय जेवणातला खडा दिसायचा नाही. उद्या म्हणशील, ताई, परत दे, तर माझ्याकडे परत द्यायला काही नाही. चालेल?”

“चालेल. आणि बाबांशी मी बोलतो.”

तो ‘बोलतो’ ऐकून बाईंना खात्री वाटली नाही. पण डोळे त्याचे होते. त्यांनी मीटरला बोलावलं, आकडे बदलले, दोघांनी दोनदा तपासले, धाकट्यानं बदल मान्य असल्याची सही केली. पुन्हा टेबल, पुन्हा वदवणं. “दोन्ही पूर्ण,” तो म्हणाला, आणि या वेळी पडद्यानंही तेच सांगितलं.

डोळा बधिर करणारे थेंब, पापण्या धरून ठेवणारी तार, मग डोळ्यावर बसवायचं कडं. “आता दाब वाटेल. क्षणभर अंधारेल. घाबरू नकोस.” पहिल्या लेसरनं बुबुळावरच्या काचेचा पातळ थर सोडवला. दुधावरची साय बाजूला सारावी तसा बाईंनी तो सपाट हत्यारानं उलटून ठेवला. आता खालचा भाग उघडा पडला होता, आणि तोच झिजवायचा होता.

“हिरव्या दिव्याकडे बघ. तो धूसर होईल. तरी तिथेच बघ.”

पेडल दाबलं. मशीन टकटक करू लागलं, केस जळल्यासारखा वास सुटला. लांबचं दिसावं म्हणून जवळचं झिजत होतं, बाईंच्या पायाखाली, आणि पाय काही थरथरला नाही. इतकी वर्षं ज्याची भीती होती ते हे एवढंसंच. थर परत जागेवर बसवला, खालून पाणी सोडून धुतलं, कडेला एकही सुरकुती राहिली नाही ना ते बघितलं, कडा धरेपर्यंत थांबल्या. मग डावा डोळा. तोही तसाच, बिनचूक. काम इतकं सुरेख झालं की एरवी त्यांनी मीटरला चहा पाजला असता.

दुसऱ्या दिवशी तपासणीला धाकट्यासोबत बाबा आले. काठी टेकत आले, न विचारता बाईंच्याच खुर्चीवर बसले. धाकट्याचा चेहरा चष्म्याविना उघडावाघडा दिसत होता, नाकावर दोन पांढुरके खड्डे.

“सगळं मोठं दिसतंय, ताई,” तो म्हणाला. “दारं, माणसं, सगळंच.”

“त्या काचांनी लहान केलेलं होतं. वाच.”

त्यानं चार्ट वाचला. सगळ्यात खालची ओळ आधी उजव्यानं, मग डाव्यानं, कुठेही न अडखळता. मीटर आनंदानं म्हणाला, “दोन्ही सहा बाय सहा, मॅडम! याहून चांगलं होतच नाही.”

बाबांनी खिशातून एक छोटी पितळी पट्टी काढून धाकट्याच्या हातावर ठेवली. गेल्याच आठवड्यात त्यानंच कोरलेली होती. “हे वाच.”

धाकट्यानं सवयीनं ती नाकाजवळ नेली. मग जरा लांब धरली, मग आणखी लांब, आणि शेवटी हात पुरेना.

“डावा ठेवणार म्हणाली होतीस,” बाबा बाईंना म्हणाले.

“म्हणाले होते.”

“मग हे कसं?”

बाईंनी धाकट्याकडे बघितलं. बोल रे, ढापण्या. आता नाही तर कधी? त्याचे ओठ हलले आणि नजर खिडकीबाहेर गेली. नववीत त्या दिवशी तो असाच उभा होता. बाईंनी वाट पाहिली. नववीतल्याप्रमाणे आजही आपण नुसत्या बघत उभ्या आहोत, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना स्वतःचीच चीड आली.

“पण मॅडम, काल तर यांनीच स्वतः...” मीटरनं तोंड उघडलं.

“मीटर, तू बाहेरच्या पेशंटना थेंब घाल. जा.” तो गेला. दार लागल्यावर बाई म्हणाल्या, “माझ्याकडून चूक झाली, बाबा. दमले होते. डाव्यातही पूर्ण नंबर काढला गेला. आता परत येणार नाही.”

बाबांनी काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली. “एवढं शिकवलं तुला,” ते म्हणाले. “त्याच्या वाटचंसुद्धा तुलाच शिकवलं. आणि त्याचाच डोळा घालवलास.”

“हो, बाबा.”

“दुकान?”

“आता नाही जमायचं, बाबा,” धाकटा म्हणाला. एवढं एकच वाक्य, पण ते त्याच्या तोंडून आलं.

बाबांनी पट्टी त्याच्या हातातून काढून घेतली, खिशात ठेवली आणि लेकीकडे न बघता दाराबाहेर पडले. काठीचा आवाज बाहेरच्या पेशंटच्या बाकड्यांमधून पुढे गेला. धाकटा उंबऱ्यात थांबला. तिथून त्यानं ताईकडे नीट बघितलं. त्याचे डोळे भरून आले आणि हात आपोआप वर गेला.

बाईंनी धावत जाऊन त्याचं मनगट पकडलं. “चोळू नकोस, ढापण्या. थर सरकेल.” त्यांनी मनगट सोडलं नाही. “वाहू दे तसंच.”