टॉवेल वाळला की दुसरी बुडी

"माह्या नवऱ्याचे पाय पाण्यानं नाई नेले, साहेब. तुमी नेले."

धरणावरच्या विश्रामगृहात चौकशी बसली होती. मधोमध नागपूरहून आलेल्या चौकशीच्या बाई, बाजूला धरणाचे साहेब, समोर बोरी अरबची रुपाली, याच धरणाच्या कचेरीत चहा देणारी. तिच्या पायाशी कापसाचं चुंगडं, तोंड बांधलेलं पोतं. साहेबांनी लिहिलेला अहवाल नुकताच वाचून झाला होता: पाणबुड्या राजदीप हा स्वतःच्या निष्काळजीपणामुळे कमरेखाली लुळा पडला. रुपालीला हे वाक्य मोडायचं होतं. आणि ज्यानं ते लिहिलं त्याला त्याच्याच खुर्चीत घाम फोडायचा होता.

राजदीपचं घर विहिरीत बुडी मारणाऱ्यांचं. कुणाची मोटर पडली, कुणाचं मढं अडकलं, की यांना बोलावणं. सासरा मारोती छातीतल्या दमावर उतरायचा. वर आला की टॉवेल कठड्यावर टाकायचा. टॉवेल वाळला की दुसरी बुडी. हा घरचा कायदा, आणि दमावर उतरणाऱ्याला तो पुरत होता.

मे महिन्यात कालव्याचं गेट अडकलं. साहेबांनी राजदीपच्या तोंडात कॉम्प्रेसरची नळी दिली आणि बारा पुरुष, म्हणजे सत्तरेक फूट खोल उतरवलं. दोर रुपालीच्या हातात. पहिल्या बुडीनंतर टॉवेल रेलिंगवर पडला. यवतमाळचं ऊन ते. चहा गार व्हायच्या आत टॉवेल पापडासारखा. "वाळला ना? चल," साहेब म्हणाले. दिवसभर हेच. संध्याकाळी राजदीप चप्पल घालायला खाली बसला, तो उठलाच नाही.

नागपूरला, दाबाच्या टाकीत त्याला निजवल्यावर, डॉक्टरनं तिला सांगितलं. खोल पाण्यात दाबाची हवा घेतली की तिच्यातला नायट्रोजन अंगात मुरतो. कुठं किती मुरला हे अंग चिरून मोजता येत नाही, म्हणून गणितवाल्यांनी माणसाच्या जागी डबे कल्पिले. रक्ताचा डबा लवकर भरतो, लवकर रिता होतो. चरबीचा, सांध्यांचा सावकाश. ज्याची त्याची मुदत ठरलेली: तेवढ्या वेळात अर्धा वायू जातो, पुढच्या तेवढ्याच वेळात उरलेल्याचा अर्धा. म्हणजे दुसऱ्या बुडीला माणूस कोरा नसतो, जुनं पोटात घेऊन उतरतो. ते धरून पाणबुड्यांच्या तक्त्याप्रमाणे पाण्यातला वेळ कापायचा, वर येताना थांबे घ्यायचे. नाही घेतले तर वायूचे बुडबुडे होतात आणि मणक्यात घुसतात. त्यात हे तक्ते समुद्रकाठचे. आपलं धरण उंचावर, म्हणजे वेळ आणखी कापायला हवा.

रुपालीनं हे सगळं बाईंपुढे मांडलं. "ही सगळी कागदावरची गणितं," साहेब म्हणाले. "आणि टॉवेलचा नियम यांच्याच घरचा. मी कुठं लादला?"

रुपालीनं चुंगड्याचं तोंड सोडलं. "साहेब, तुमी कापूसवाल्याच्या घरचे ना? घाला हात."

"हा काय पोरखेळ..."

"घाला," चौकशीच्या बाई म्हणाल्या.

साहेबांनी वरच्यावर हात फिरवला. "कोरडा आहे."

"वरून काय पाह्यता? तुमचे बाबूजी व्यापाऱ्याले वरूनच दाखवत काय?"

दाराशी बसलेला मारोती खोकल्यासारखं हसला. साहेबांनी कोपरापर्यंत हात खुपसला आणि चटका बसल्यागत ओढून घेतला. पंजा ओला होता. रात्री पाणी शिंपडायचं, सकाळी उन्हात धरायचं आणि वजनाला न्यायचं, ही करामत जिल्ह्यात कुणाला शिकवावी लागत नाही.

"वरचा वाळते, पोटातला वाळत नाई. थेच गणित हाय," रुपाली म्हणाली. "माह्या सासऱ्याले नळीची हवा मालूम नव्हती. तुमाले होती. तक्ता तुमच्या केबिनीत, खुर्चीच्या मांगं, काचेत लावेल हाय. चाय द्याले येऊ तं रोज दिसे मले."

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला.

"बरं, वाक्य काढून टाकू. पण मारोतराव, पुढच्या आठवड्यात पाणी सोडायचा कार्यक्रम आहे. मंत्री येणार, मांडव पडलाय आणि गेट तसंच. कुणी पाणबुड्या असेल तर..."

"लय हायेत," मारोती म्हणाला. "सूनबाई साऱ्याइच्या घरी जाऊन आली."

तिनं पावसाळाभर तेच केलं होतं. मुकुटबनपासून फुलसावंगीपर्यंत, जिथं जिथं बुडी मारणारं घर, तिथं राजदीपचे पाय सांगून आली होती. कुणी उतरणार नव्हतं. मंत्री हार घालून कोरड्या कालव्याकडे बघत बसणार होते, आणि ते या माणसाला फाडून खातील, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

तिनं पिशवीतून राजदीपचा बुडी मारतानाचा शिशाचा पट्टा काढला, टेबलावर आपटला. त्यावर टॉवेल ठेवला.

"तुमीच उतरा. दोर मीच धरीन. टॉवेल वाळला की पुन्हा ढकलीन."

साहेबांनी पट्टा बोटानं दूर सारला.

"नाई उतरत? मंग बोला. वाक्य तं निघनच. पण त्या दिवशी मांगं तक्ता होता अन् सामोर टॉवेल. तुमी टॉवेलाकडेच काहून पाह्यलं? बाईच्या सामोर सांगा, साहेब. काहून?"